भरल्या छपरांचं गाव

छपराच्या कडेनं रचलेलं लाकूड जाळायचं नसतं, हे आमच्याकडे पोराला धड चालता येत नाही तेव्हापासून माहीत असतं. चुलीत जातं ते वाळलं शेण, शेळ्यांच्या लेंड्या, फार तर माळावरचं काटेरी झुडूप. छपरावरचं लाकूड असतं बघण्यासाठी. पाहुणा घोड्यावरून उतरायच्या आधी मान वर करून बघतो. मुलगी द्यायची झाली तर तिचा बाप घराभोवती एक चक्कर मारतो आणि मगच चहाला टेकतो. आमच्या बोडक्या डोंगरांवर झाड म्हणून उगवत नाही. एकेक ओंडका दक्षिणेच्या जंगलातून याकच्या पाठीवर आलेला, आजानं ठेवलेला, त्यावर बापानं ठेवलेला. तो निघतो फक्त घरातलं माणूस मेलं आणि लामानं पोथी बघून आग सांगितली तर. एरवी कुणी त्याला हात लावला की त्या घरावर भिकेची वेळ आली असं समजायचं.

तांगमार गावात सगळ्यांत उंच लाकूड मेमे युंगद्रुंगच्या छपरावर. मेमे म्हणजे आजोबा. सगळं गाव म्हाताऱ्याला तसंच म्हणायचं. त्याच्या छपराची उत्तरेची कड माणूसभर उंच, आणि जाडी अशी की दोन्ही हात पसरले तरी कवेत येऊ नये. काळे पडलेले वासाच्या धूपीचे बुंधे, भूर्जाचे ओंडके, वर बारीक काटक्यांचा थर. म्हाताऱ्याचे डोळे गेले होते. ऊन आलं की तो चाचपडत वर चढायचा, वरच्या थरावरून तळहात फिरवायचा आणि मग भिंतीला टेकून दिवसभर बसायचा. सावकार पैशाच्या पेटीवर बसतो तसा.

गाव उठायचं ठरलं त्या वसंतात याच लाकडापायी त्या घरात रक्त सांडलं. मी लोटेन, त्यांचा शेजारी. माझी भिंत त्यांच्या भिंतीला लागून. मला सगळं ऐकू यायचं, आणि जे ऐकू यायचं नाही ते माझी बायको पासांग सांगायची. म्हणजे मला तेव्हा तसं वाटायचं.

घरात मेमेचे दोन मुलगे, दाक्पा आणि रिंझिन, आणि दोघांत मिळून एक बायको, बुती. आमच्याकडे जुनी रीत आहे ती. भाऊ एका बायकोत राहिले की शेत फुटत नाही, गोठा फुटत नाही, छप्पर फुटत नाही. नवी पोरं हसतात आता, पण त्या पिढीत तसंच होतं. दाक्पा थोरला, बोलायला कमी आणि हाताला भारी. रिंझिन हिवाळ्यात खाली हिंदुस्थानात स्वेटर विकायला जायचा, वसंतात परतायचा तो नवे बूट आणि नव्या शिव्या घेऊन.

आता एक गोष्ट मला फार पुढं कळली, पण ऐकणाऱ्याला ती आधीच माहीत असावी, नाहीतर बुतीवर अन्याय होईल. उत्तरेचं ते लाकूड आतून पोकळ होतं. गेले काही हिवाळे बर्फ पडलं नव्हतं. बर्फ नाही म्हणून गवत नाही, गवत नाही म्हणून दाक्पानं याक विकले, आणि याक गेले तसं शेणही गेलं. थंडी मात्र आपली वेळेवर यायची. बुतीची लेक यांगझोम छातीतून शिट्टी वाजावी तशी श्वास घ्यायला लागली. म्हाताऱ्याची पावलं निळी पडली. लाकडाच्या आतल्या बाजूला, छपरावर, पेंढ्याची गंज लावलेली असायची. पेंढा काढायला बाईच चढते, पुरुष चढत नाही. बुतीनं पेंढा बाजूला केला आणि मागून एक ओंडका ओढला. मग दुसरा. बाहेरचा थर आणि वरचा थर तिनं तसाच ठेवला, आत दगड आणि काटेरी झुडपं कोंबून आधार दिला आणि पेंढा पुन्हा लावून टाकला. वाटेवरून बघणाऱ्याला काही कळायचं कारण नव्हतं. म्हाताऱ्याच्या तळहातालाही कळलं नाही.

बाहेरून भरलेलं दिसणारं घर तिनं असं आतून खाल्लं होतं, आणि आता गाव हलणार होतं.

झरा आटला तेव्हा मुखिया छोग्यालनं सगळ्यांना बोलावून सांगितलं की खाली मोठ्या नदीकाठची माळजमीन मिळाली आहे, जेवढ्या चुली तेवढ्या जागा, आणि पेरणीआधी उठायचं. त्या संध्याकाळी मेमेच्या घरी चुलीभोवती बसून दाक्पानं बेत मांडला.

"आधी देव न्यायचे. मग लाकूड. मग भांडी."

"लाकूड ठेवणार कुठं?" रिंझिन म्हणाला. "खाली सगळे पत्रे टाकतायत."

"टाकू देत. मी मातीचं छप्पर करीन. जसं आहे तसंच रचीन, तळातलं तळात, वरचं वर. एक काटकी इकडची तिकडं होणार नाही."

बुती डावानं किटलीत लोण्याचा चहा ओतत होती. ती म्हणाली, "मी म्हणते, राहू द्यावं इथंच."

 चहा ओतल्याचा आवाज तेवढा येत होता.

"काय राहू द्यावं?" दाक्पानं विचारलं.

"लाकूड. या जागेचा देव आहे, तो रागवेल. आपण तर चाललो. निदान त्याच्यासाठी..."

दाक्पानं तिच्या हातातला डाव घेतला आणि तिच्या कानाखाली हाणला. उकळता चहा मानेवरून आत गेला. तिच्या तोंडून आवाज फुटला, तो तिनं तोंडावर हात दाबून आत ढकलला. किटली मात्र हातातून सुटली.

"काय पडलं?" कोपऱ्यातून म्हातारा म्हणाला.

"काही नाही, मेमे. चहा सांडला," बुती म्हणाली.

"माझ्या आजानं त्या लाकडाखाली पाठ मोडून घेतली," दाक्पा म्हणाला. "उद्या यांगझोमला मागणी घालायला कुणी आलं तर काय बघणार वर? तुझं ढुंगण?"

रिंझिन हसला. मग हसता हसता म्हणाला, "दादा, एक सांगायचं राहिलं. खाली मी वेगळी चूल मांडणार आहे. पोखरा शहरात एक बाई आहे, येते म्हणाली. म्हणजे अर्धं लाकूड माझं."

दाक्पानं वाटी खाली ठेवली. "लाकूड वाटत नाहीत."

"आतापर्यंत बायको वाटून घेतली, लाकूड वाटायला काय झालं?"

मग माझ्या भिंतीवर धप्पकन काहीतरी आदळलं आणि वरून माती गळली. मी धावलो. दाक्पानं धाकट्याचा गळा धरून त्याचं डोकं भिंतीवर आपटलं होतं, रिंझिननं त्याच्या हाताला कडकडून चावा घेतला होता आणि दोघे पडले होते चुलीवर. पत्र्याची चूल कलंडली होती. निखाऱ्यांत लोळणारे दोन बाप्ये ओढून काढायला मी आणि बुती. माझी बाही जळली. रिंझिनचे केस जळल्याचा वास त्या घराला पुढं कितीतरी दिवस येत होता.

दुसऱ्या दिवशी पासांग बुतीच्या मानेला लोणी लावायला गेली. कातडी पापुद्र्यासारखी निघत होती म्हणे. मी गोठ्यात होतो. पासांग हळू आवाजात विचारत होती, "किती उरलंय?" आणि बुती म्हणाली, "नुसतं तोंड उरलंय." मला वाटलं पिठाबद्दल बोलतायत. पुरुषाला अशा वेळी पीठच सुचतं.

त्यानंतर गाव मोडायचं काम सुरू झालं. दारं, चौकटी, तुळया, सगळं उपसायचं, कारण खाली काही मिळत नाही. सकाळी वारा पडलेला असतो तोवर काम, दुपारी दरीतून वारा सुटला की डोळे मिटून बसायचं. माणसांचे तळहात सोलवटले, ओठ फुटले. खेचरं तुळया ओढत उतारावरून जायची आणि त्यांच्या खांद्यांवर तळहाताएवढ्या जखमा झाल्या होत्या. एका वळणावर मुखियाचं खेचर तुळईसकट खाली गेलं. वरून बराच वेळ त्याचं ओरडणं ऐकू येत होतं. शेवटी दाक्पा उतरला आणि त्यानं दगडानं त्याचं डोकं फोडलं. वर आला तेव्हा त्याच्या दाढीवर रक्त होतं, ते त्यानं पुसलंही नाही.

दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. निरोप बुती पोचवायची. ते एकाच घरात समोरासमोर बसलेले असत आणि दाक्पा म्हणे, "त्याला सांग, खिडकीची चौकट माझ्या बाजूची आहे." रिंझिन म्हणे, "त्याला सांग, मग चौकटीत बसून राहा म्हणावं." बुती दोन्ही वेळा तोंड उघडायची आणि मिटायची. एकदा तिनं खरंच निरोप सांगितला तर दोघांनीही तिलाच शिव्या दिल्या.

ती लामाकडेही गेली. लोण्याचा मोठा गोळा घेऊन. म्हणाली, पोथीत बघा ना, हे लाकूड इथंच देवाला वाहावं असं काही निघतं का. लामानं लोणी ठेवून घेतलं आणि पोथी न उघडताच सांगितलं की लाकूड उतरवायचा मुहूर्त दाक्पाला दिला आहे, पौर्णिमेआधीचा. लामा चांगला माणूस होता, पण त्याला वाटलं बाई भावांचं भांडण मिटवायला आली आहे.

मग ती रिंझिनकडे गेली. तो ओढ्याच्या कोरड्या पात्रात खेचरांची खोगिरं सोडत होता. मी पलीकडे दोर वळत बसलो होतो.

"तू हिस्सा मागू नकोस," ती म्हणाली.

"का?"

"नको मागूस. माझं ऐक. तुला काय करायचंय लाकूड? तुझी पोखऱ्याची बाई गॅसवर भात शिजवणारी. तिला काय कळतं त्यातलं."

रिंझिन उठला. त्यानं तिचं मनगट धरलं आणि मागं पिरगाळलं. "तिचं नाव घेऊ नकोस. मी जातो म्हणून पोटात दुखतंय होय तुझ्या? सांग ना."

"पोटात नाही दुखत."

"मग?"

बुतीनं तोंड उघडलं. मला दिसत होतं, ती काहीतरी सांगणार होती. मनगट असं वळलं होतं की तिला वाकून उभं राहावं लागलं होतं. ती त्याच्या बुटांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "काही नाही. जा तू. सुखानं जा." त्यानं तिला ढकलून दिलं. ती लिदीत बसली. मग उठली, घागरा झटकला आणि माझ्याकडे न बघता निघून गेली. तेव्हा ती बोलली असती तर! पण मी हे आज म्हणतो. बोलून तिला काय मिळणार होतं? गावभर नाव निघालं असतं, 'हिनं घर जाळून खाल्लं' म्हणून. आमच्याकडे अशा बाईच्या हातचं पाणी कुणी पीत नाही, आणि तिच्या लेकीला कुणी मागत नाही. यांगझोमसाठी तिनं ते लाकूड जाळलं होतं, आणि यांगझोमसाठीच ती गप्प होती.

मुहूर्ताच्या सकाळी सगळं गाव मेमेच्या छपरावर आणि खाली वाटेवर जमलं. एवढं लाकूड उतरवायचं म्हणजे साखळी करावी लागते, एकानं दुसऱ्याच्या हातात द्यायचं. मुखियानं तोडगा काढला होता: दोर घेऊन लाकडाची लांबी मोजायची, मध्यावर खूण करायची, पूर्वेचं दाक्पाचं, पश्चिमेचं रिंझिनचं. दोघांनी मान हलवली होती. मेमेला वर आणून दक्षिणेच्या भिंतीशी उन्हात बसवलं होतं. बुती पेंढ्याच्या गंजीला पाठ लावून उभी होती. तिचा चेहरा सातूच्या पिठासारखा झाला होता.

"बाजूला हो," दाक्पा म्हणाला. "पेंढा काढायचाय."

"मी काढते मागून. तुम्ही वरून सुरुवात करा."

"बाजूला हो म्हणतो ना!"

पण तेवढ्यात मुखियानं दोर टाकला आणि सगळ्यांचं लक्ष तिकडं गेलं. मध्य निघाला एका जाड बुंध्यापाशी. धूपीचा जुना बुंधा, माणसाच्या मांडीएवढा. दोर बरोबर त्याच्या कडेला आला.

"हा माझ्याकडे," रिंझिन म्हणाला.

"माझ्याकडे आहे तो. डोळे फुटले का?"

"जाडजाड सगळं तुझ्या बाजूला, आणि मला काटक्या? दादा, मी स्वेटर विकतो, मला माप शिकवू नकोस."

"तो बुंधा मेमेनं आणलाय. थोरल्याकडे राहील."

"मग कापू अर्धा!" रिंझिननं कुऱ्हाड उचलली आणि बुंध्यावर घाव घातला.

खालून लोक ओरडले. लाकडावर कुऱ्हाड!  दाक्पानं झडप घालून कुऱ्हाडीचा दांडा धरला. दोघे गोल फिरले. दांडा सुटला तो दाक्पाच्या तोंडावर बसला. त्याचे पुढचे दात मी जमिनीवर पडलेले पाहिले. दाक्पानं थुंकून रक्त बाहेर टाकलं आणि गुडघा मारला धाकट्याच्या पोटात. रिंझिन वाकला, दाक्पानं त्याचा कान धरून इतका ओढला की मुळातून फाटला. मुखिया मध्ये शिरला, त्याला एक कोपर बसलं आणि तो खाली बसला नाक धरून. आम्ही बाकीचे नुसतेच 'अरे, अरे' करत होतो. कुऱ्हाड अजून रिंझिनच्या हातात होती, त्यामुळे आमचे पाय पुढं होत नव्हते.

"सोडा रे एकमेकांना!" बुती ओरडली. "लाकडासाठी नको! लाकूड नाहीच आहे!"

तिनं शेवटी सांगितलं. सगळ्यांसमोर सांगितलं. पण त्या गोंगाटात ते कुणाला कळलं नाही. मलाही वाटलं, बाई रडते आहे.

रिंझिननं कुऱ्हाड टाकली, डोकं खाली घातलं आणि बैल धडक देतो तशी थोरल्याच्या छातीत धडक दिली. दाक्पा मागं गेला, पेंढ्यात रुतला, आणि त्यामागं लाकडाची ती माणूसभर उंच भिंत होती. दाक्पाला वाटलं असेल, पाठीला लाकूड आहे. आम्हा सगळ्यांना तसंच वाटलं. याक आदळला तरी हलू नये अशी ती भिंत. पण तो पेंढ्यातून आत गेला, काटेरी झुडपांतून गेला, आणि बाहेरचा एकेरी थर कडाडला आणि उघडला. दाक्पा, दगड, झुडपं, बुंधे, सगळं एकदम खाली वाटेवर गेलं. खाली उभे असलेले लोक कसेबसे बाजूला पळाले.

मग धूळ. वाऱ्याची वेळ झाली नव्हती, त्यामुळे ती धूळ तशीच उभी राहिली.

"काय पडलं?" मेमे म्हणाला.



लाकूड होतं तिथं आता आरपार दरी दिसत होती. दोन्ही बाजूंना उरलेली भिंत कडेवरून दिसली, आणि सगळ्यांनी पाहिलं की ती आतून रिकामी आहे. काही दगड, थोडी झुडपं, एक जुनी टोपली. रिंझिन त्या भगदाडाकडे बघत होता. त्याच्या फाटलेल्या कानातून रक्त गळ्यापर्यंत आलं होतं. मग तो वळला.

"कुणाला विकलंस?"

"विकलं नाही."

त्यानं बुतीच्या वेण्या धरल्या आणि तिला गुडघ्यांवर आणलं. "कुणाला विकलंस, रांडे?"

"जाळलं!" ती म्हणाली. "जाळलं मी. तू खाली स्वेटर विकत होतास तेव्हा जाळलं. याक विकले त्यानं, शेण कुठून येणार? यांगझोमचा श्वास थांबत होता. मेमेची बोटं काळी पडत होती. तो रात्री उबेत घोरायचा, तुझा भाऊ. इतके हिवाळे घोरला. एकदा तरी विचारलं त्यानं, चुलीत काय घालतेस म्हणून? तू तरी विचारलंस वसंतात येऊन, की सगळे जिवंत कसे आहेत?"

रिंझिननं तिच्या तोंडावर लाथ मारली. ती आडवी झाली. त्यानं वाकून कुऱ्हाड उचलली, आणि तेव्हा मी पाहिलं की माझी पासांग दोघांच्या मध्ये जाऊन उभी आहे. तिच्यामागून मुखियाची बायको. मग आणखी बायका.  त्या नुसत्या उभ्या राहिल्या, एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून.

"हो बाजूला, वहिनी," रिंझिन म्हणाला. "घरातली गोष्ट आहे."

"आधी खाली जा," पासांग म्हणाली. "तुझा भाऊ मेला की काय ते बघ."

दाक्पा मेला नव्हता. पाठीखाली बुंधा आला होता, धूपीचा, तोच मांडीएवढा. पाय हलत नव्हते. त्यानं डोळे उघडून वर छपराकडे बघितलं.  बुती फुटलेल्या तोंडानं त्याच्यापाशी बसली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्याचे ओठ हलले. तिनं कान जवळ नेला. काय म्हणाला ते तिनं पुढं पासांगला सांगितलं आणि पासांगनं मला: "ऊब होती खरी." दुपारी वारा सुटला तेव्हा तो गेला.

मुखियानं सगळ्यांना सांगून ठेवलं, खालच्या पोलीस चौकीवरून कुणी आलंच तर दाक्पा लाकूड उतरवताना छपरावरून पडला. खोटं तर नव्हतं ते. रिंझिन भिंतीशी बसून होता. कुणी त्याला काही बोललं नाही, तेच त्याला जास्त लागलं असावं, कारण तो मधूनच स्वतःच्या फाटलेल्या कानावर मूठ मारून घ्यायचा.

लामानं पोथी बघितली आणि आग सांगितली.

रिंझिननं भावाला पाठीवर घेऊन नेलं, गुडघे छातीशी बांधलेलं ते ओझं, पांढऱ्या कापडात. बुती आणि आम्ही वाटेवरचं लाकूड गोळा केलं. दोन्ही बाजूंचं उरलेलंही उतरवलं, त्याला काही साखळी लागली नाही. सगळं मिळून एका माणसाच्या चितेला पुरेल न पुरेल एवढं होतं. अशा वेळी रीतीनं प्रत्येक घर आपल्या छपरावरचा एकेक ओंडका आणून देतं. मी उठलो, तर पासांग म्हणाली, "तू प्रेताजवळ थांब. मी आणते." आजूबाजूला बघितलं तर प्रत्येक घरची बाईच निघाली होती. पुरुष सगळे प्रेताजवळ. बायकांनी वरच्या थरातला एकेक बारीक ओंडका आणला आणि डोळे खाली घालून चितेवर ठेवला. दाक्पा संध्याकाळपर्यंत जळला. धूपीचा वास सगळ्या दरीत भरून राहिला, इतका चांगला वास की लाज वाटावी.

तेरावं वगैरे आमच्यात नसतं, पूजा असतात, त्या खाली गेल्यावर करू असं ठरलं. पेरणी थांबत नाही. मुखियानं बैठक घेतली, नाकाला पट्टी बांधून. "बाकीच्या घरांचं लाकूड उतरवायचं कधी?"

मुखियाची बायकोच आधी बोलली. "त्या लाकडापायी माणूस मेला. आता त्याला हात लावणं बरं नव्हे. राहू द्या सगळ्यांचं इथंच."

"हो, राहू द्या," दुसरी म्हणाली.

"जागेच्या देवाला राहू द्या," तिसरी.

"खाली पत्रेच तर टाकायचेत," पासांग म्हणाली.

पाण्याच्या पाळीवरून आमच्या गावात डोकी फुटली आहेत. इतकं एकमत मी जन्मात पाहिलं नव्हतं. पुरुष एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. मुखियानं बायकोकडे बघितलं, ती चरखीवरची लोकर सारखी करत होती.

मी उठून घरी गेलो. छपरावर चढलो. आमचं लाकूड मेमेएवढं नाही, पण वाईटही नाही. माझ्या बापानं त्यातला बराचसा भाग एका हिवाळ्यात आणला होता, त्यात त्याची दोन बोटं गोठून गेली. पेंढा नीट लावलेला होता. पासांगचं काम नेहमीच नेटकं. मी पेंढ्यात हात घातला. हात कोपरापर्यंत गेला, मग खांद्यापर्यंत गेला. कशालाच लागला नाही. मी गाल पेंढ्याला लावला. मला आमचा धाकटा पोरगा आठवला, ज्याला गेल्या हिवाळ्यात ताप भरला होता आणि जो वाचला. मग मी हात काढला, पेंढा होता तसा सारखा केला आणि खाली आलो.

"काय बघत होतास वर?" पासांगनं विचारलं.

"वारा किती आहे ते."

"मग?"

"राहू दे म्हणतो आपलंही."

तिनं चहा ओतला. 

निघालो त्या सकाळी यांगझोम शेळ्या हाकत पुढं होती. रिंझिन खेचरांबरोबर. पोखऱ्याची बाई आली नाही, त्यानंही पुन्हा तिचं नाव काढलं नाही. खाली त्यांना एकच जागा मिळाली, एकच चूल. बुतीनं मेमेला पाठीवर घेतलं होतं, ओठ अजून सुजलेला, मान अजून बांधलेली. म्हाताऱ्याला सांगितलं होतं की लाकूड बाकीच्यांसारखंच जागेच्या देवाला ठेवलंय; छपरावर त्यानं काय ऐकलं ते त्याचं त्याला ठाऊक. मी त्यांच्या मागं होतो.

वळणावर आलो तसा मेमे म्हणाला, "थांब गं. मागं बघ जरा. आपलं लाकूड दिसतंय का इथून?"

बुती थांबली. तिनं म्हाताऱ्याला पाठीवर नीट सावरलं. मागं सबंध तांगमार उन्हात होतं, दारं नसलेली घरं, आणि प्रत्येक छपराच्या कडेनं लाकूड, काळं, घट्ट, पिढ्यान्‌पिढ्यांचं. वाटेनं कुणी परका गेला असता तर म्हणाला असता, काय भरलेलं गाव आहे. एकच छप्पर बोडकं होतं.

"दिसतंय, मेमे," ती पुढं बघतच म्हणाली. "होतं तसं आहे."

"मग चल," म्हातारा म्हणाला.

आम्ही पुरुष उतरणीवरून पुनःपुन्हा मागं वळून बघत होतो, पाय अडखळत होते. गावातल्या एकाही बाईनं वळून पाहिलं नाही.